उजवा काठ

आधीच सांगते, मला राग लवकर येतो. घरात मला सगळे लवंगी म्हणतात. हे नाव मिरचीवरून पडलं की फटाक्यावरून, यावर माझ्या नवऱ्याचं आणि थोरल्या दिरांचं अजून एकमत झालेलं नाही. पण त्या दिवशी मला जो राग आला तो लवकर आलेला नव्हता. तो कितीतरी दिवस आत मंद आचेवर शिजत होता, म्हणून सुरुवातीपासूनच सांगते.

आमचा माग दोघींचा आहे. म्हणजे लाकूड सासऱ्यांचं, खोली थोरल्या दिरांची, पण माग चालतो तो माझ्या आणि जाऊबाईंच्या हातांवर. जाऊबाई समोर जरा डावीकडे बसतात आणि मी उजवीकडे उभी राहते. आमच्या साड्यांचं अंग एका रंगाचं असतं आणि काठ दुसऱ्या रंगाचे. वरवर नाही, अगदी आरपार. अंगाच्या धाग्याने काठात शिरायचं नाही आणि काठाच्या धाग्याने अंगात शिरायचं नाही, असा आमच्या कापडाचा कडक कायदा. त्यासाठी आडवा धागा वाहून नेणारे तीन धोटे लागतात. डावा काठ आणि अंग हे दोन धोटे जाऊबाईंचे. उजव्या काठाचा धोटा माझा, कारण पन्हा एवढा मोठा की बसल्या जागेवरून कुणाचाच हात तिथे नेमका पोचत नाही.

जाऊबाईंचा धोटा आडवा धावत येतो आणि माझ्या काठापाशी थांबतो. त्या म्हणतात, "दे." मी माझा धागा त्यांच्या धाग्यात अडकवते आणि दोन्ही धागे आपापल्या घरी परत फिरतात. मग धागा घट्ट ठोकणारी फणी बसते, धप्प. त्या अडकवण्याला आमच्या घरात कडी म्हणतात. कडी बसली की काठ आणि अंग एक होतात. ती चुकली तर दोघं नुसते शेजारी राहतात, एका घरात अबोला धरलेल्या माणसांसारखे, आणि मधे चीर पडते. वरून पटकन दिसतही नाही. साडी नेसून बाई दोनदा उठली-बसली की काठ हातात येतो.

म्हणून ते "दे" महत्त्वाचं. जाऊबाई मुळातच अबोल. माहेरच्यांचा फोन आला तरी त्यांचं "हं" आणि "बरं" यावर भागतं. सगळे शब्द त्यांनी त्या एका "दे"साठी राखून ठेवलेत असं वाटतं. थोरले दीर म्हणतात, "माझी बायको आयुष्यात कधी काही मागत नाही. मागते ते फक्त लवंगीकडे." ते कितीही चिडवोत, जाऊबाई हसत नाहीत. मी मात्र दोघींच्या वाटचं हसते आणि दोघींच्या वाटचं बोलते. त्या "दे" म्हणतात त्या वेळी मधल्या जागेत मी भाजीवाल्याशी झालेलं भांडण सांगत असते. हात चुकत नाहीत, भांडणही चुकत नाही.

आता मॅडमबद्दल. मोठ्या रस्त्यावर त्यांचं बायकांच्या हातमागाच्या कपड्यांचं दुकान आहे. साड्या, ओढण्या, शिवलेले अंगरखे, सगळं. आमच्यासारख्या आरपार काठाच्या साड्या घेणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. बाकीचे म्हणायचे, एवढा व्याप कशाला, काठ नुसता छापून टाका. मॅडम तसं कधी म्हणाल्या नाहीत. त्या साडीवरून हात फिरवायच्या तेव्हा त्यांचा चेहरा खरोखर मऊ व्हायचा. बाई वाईट नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं, पहिल्याच दिवशी चार शब्द सुनावून मोकळी झाले असते.

एक दिवस त्या फोटोवाल्याला घेऊन घरी आल्या. साडीला पुठ्ठ्याची चिठ्ठी लावायची होती आणि तिच्यावर विणणारीचा फोटो हवा होता. मला फार आनंद झाला. मी आत जाऊन धुतलेली साडी नेसून आले, केस बसवले, जाऊबाईंच्याही पदराची टोकं सारखी केली. आम्ही दोघी मागावर आपापल्या जागी गेलो. फोटोवाल्याने डोळा लावला, काढला, पुन्हा लावला. मग मॅडम मला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाजूला होता का?"

मी म्हटलं, "मॅडम, मी बाजूलाच आहे. माझं कामच बाजूचं."

त्या गोड हसल्या. "तसं नाही हो. फ्रेममधून बाहेर."

मी बाहेर गेले, म्हणजे स्वयंपाकघरात. तिथून जाऊबाईंचे फोटो निघताना ऐकत उभी राहिले. धुतलेली साडी नेसून स्वतःच्याच घरात ओट्याला टेकून उभं राहणं काय असतं ते ज्याचं त्याला कळतं. मला वाटलं, एखादा फोटो एकटीचा, मग दोघींचा काढतील. पण नंतर गाडीचा आवाज आला आणि तो दूर गेला.

चिठ्ठ्या छापून आल्या तेव्हा जाऊबाईंचा फोटो खरंच सुरेख होता. मान किंचित झुकलेली, खिडकीचा उजेड गालावर. त्याखाली लिहिलं होतं, 'एक स्त्री. एक माग. एकांतात विणलेलं कापड.'

एकांतात! मी चिठ्ठी पुन्हा वाचली, कारण पहिल्यांदा वाचताना माझा डोळ्यांवर विश्वास बसला नाही. मी उभी असते तिथे जमिनीवर माझ्या टाचांचे दोन खळगे पडलेत. मी रोज कानीकपाळी ओरडत असते. आणि म्हणे एकांतात! मी ती चिठ्ठी नवऱ्याच्या ताटाशेजारी आपटली.

"वाचा."

त्यांनी जेवता जेवता वाचली. "छान आहे की. वहिनी छान दिसतात."

"आणि मी?"

"तू कुठेय यात?"

"तेच तर विचारतेय."

ते भाजी घेत म्हणाले, "अगं, गिऱ्हाइकाला असलंच आवडतं. तुझं काय बिघडलं? काम तर आहे ना?"

काम आहे ना. हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलेय. सगळं करून कुणी आपलं नाव पुढे केलं नाही तर लोक त्याला थोर म्हणतात, पण त्याने ते स्वतःहून करावं लागतं. मला कुणी विचारलंच नव्हतं. आणि खरं दुखत होतं ते वेगळंच. जाऊबाईंनी ती चिठ्ठी पाहिली होती. त्यांना सगळं वाचता येतं. त्यांनी ती पाहिली, उलटी करून ठेवली, मागावर बसल्या आणि म्हणाल्या, "दे." बस्स. मी दिला. पण त्या दिवशी मी भाजीवाल्याची गोष्ट सांगितली नाही.

मग मॅडमचा पुढचा बेत आला. एका मोठ्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवायचं, मोठी मोठी माणसं बोलवायची, आणि मधोमध आमचा माग मांडून जाऊबाईंनी तिथे सगळ्यांसमोर विणून दाखवायचं. हे आवडलं की दुसऱ्या शहरांत, आणखी मोठ्या ठिकाणी. "ताई आपला चेहरा होणार," मॅडम म्हणाल्या.

"एकट्या त्या विणू शकत नाहीत," मी म्हटलं. मला वाटलं, आता तरी गाडी रुळावर येईल.

मॅडमनी याचा विचार करून ठेवला होता. "हो, ते आहेच. म्हणून उजव्या बाजूला एक पडदा लावू. त्याला एक फट ठेवू. तुम्ही आत उभं राहून फक्त हात घालायचा. कुणाला कळणारही नाही."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्यांनी नुसतं "नाही" म्हटलं असतं तरी पुरे होतं. दोन अक्षरांचा तर शब्द. त्या कांडीवरचा धागा सारखा करत होत्या. मॅडम म्हणाल्या, "ताई?" आणि जाऊबाई म्हणाल्या, "बरं."

मॅडम गेल्यावर मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "काय बरं? काय बरं, जाऊबाई? मी काय चोरी केलीय? चोराला लपवतात. मी काय केलंय?"

त्यांनी कांडी धोट्यात बसवली. मग म्हणाल्या, "माग बंद पडण्यापेक्षा पडदा बरा."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मॅडमनी घेणं थांबवलं तर या साड्या कुणाला नेसवायच्या, खिडकीच्या गजांना? पण खरं असलं म्हणून ते गिळता येतं असं थोडंच आहे. मी म्हटलं, "तुमचं खरंय. पण मग मी तुमची कोण, जाऊ की पडदा?" त्यांनी धोटा उचलला. त्या दिवसापासून मीही मुकी झाले. मागाच्या खोलीत फक्त धोट्यांची ये-जा, फणीचा धप्प आणि "दे". थोरले दीर दारातून डोकावून म्हणाले, "लवंगी आजारी आहे का?" मी म्हटलं, "नाही. सराव करतेय."

प्रदर्शनाच्या दिवशी माग सोडून, गाडीत घालून हॉलमध्ये नेला. अर्धी विणलेली साडी वर तशीच गुंडाळलेली होती, डाळिंबी अंग आणि मोरपिशी काठ. जोडताना लाकडाचं जड टोक मीच धरलं, कारण तोवर पाहुणे आले नव्हते आणि मला दिसायची परवानगी होती. हॉल चकाचक होता. जमीन एवढी गुळगुळीत की चालताना भीती वाटावी. चहूकडे पुतळ्यांना साड्या नेसवलेल्या होत्या आणि एकाही पुतळ्याला डोकं नव्हतं. मनात म्हटलं, बरोबर आहे, मॅडमना बाई अशीच परवडते.

आणि तो पडदा. लोखंडी दांडीवर कड्यांनी अडकवलेला, काळा, चकचकीत, नव्या प्लास्टिकसारखा वास मारणारा. मी बोटांत धरून पाहिला. गिरणीचा होता. हातमागाच्या प्रदर्शनात हाताला झाकायला गिरणीचं कापड!

मॅडम लगबगीने आल्या. "ताई, एक सांगायचं राहिलं. ते 'दे दे' आज नको हं. वातावरण शांत हवं. ध्यान लागल्यासारखं."

जाऊबाईंनी मान वर केली. त्यांचा एकुलता एक शब्द काढून घेतला होता.

मी म्हटलं, "मॅडम, मी आत असणार. मला धागा दिसणार नाही. त्या बोलल्या नाहीत तर तो आला हे मला कसं कळणार?"

"तो धप्प आवाज येतोच की."

"तो नंतर येतो. मला आधी कळायला हवं."

"जमेल तुम्हाला. इतकी वर्षं करताय."

"इतकी वर्षं करतेय म्हणूनच सांगतेय, नाही जमणार."

पण तेवढ्यात दारातून पाहुणे आले आणि मॅडमचा चेहरा त्यांच्याकडे वळला, वळताना हसरा झाला. कुणीतरी मला दंडाला धरून आत घेतलं आणि पडदा ओढला.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो तसा असतो. अंधार नव्हता, पण उजेडही नव्हता. फट माझ्या मनगटाएवढी. त्यातून हात घातला की डोळ्यांना काही उरत नव्हतं. दिसायचा फक्त माझा स्वतःचा दंड, काळ्या कापडात शिरून नाहीसा झालेला. पलीकडे बोटं होती, पण ती माझी आहेत हे लक्षात ठेवावं लागत होतं.

सुरुवात बरी झाली. पहिल्याच फेरीला माझ्या बोटाला हलकीशी ओढ लागली. जाऊबाईंनी त्यांचा धागा जरासा ताणला होता. मला कळलं. बोलू देत नाहीत म्हणून त्यांनी ही युक्ती काढली होती. ओढ लागली की मी कडी घालायची. मनात राग होता तरी हात खूश झाले. हातांना कुठे अबोला कळतो?

मग गर्दी वाढली. कुठूनसं बासरीसारखं काहीतरी वाजायला लागलं. पडद्याच्या पलीकडे कपड्यांची सळसळ, अत्तराचा वास, कुजबुज. आणि मॅडमचा आवाज. "बघा, या ताई. सकाळी उठतात आणि मागावर बसतात. घरात कुणी नसतं. फक्त त्या आणि धागा. एकच स्त्री सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तिचं सगळं मौन या कापडात उतरतं."

कुणीतरी आवाज केला, "अहाहा."

घरात कुणी नसतं! मी आत दात आवळून उभी होते. मौन कसलं उतरतंय, बायांनो? त्या कापडात भाजीवाला उतरलाय, शेजारणीची न परत केलेली पातेली उतरलीत, माझ्या नवऱ्याचं घोरणं उतरलंय. तुम्ही नेसता त्या प्रत्येक साडीचा उजवा काठ माझ्या बडबडीने भरलेला आहे.

त्यातच कुणाचा तरी खांदा पडद्याच्या दांडीला लागला. पडदा सरकला आणि फट माझ्या हातासकट खाली ओढली गेली. माझं मनगट कापडात आवळलं. ओढ लागली की नाही, मला समजेना. मी अंदाजाने धागा घातला. धप्प. पुन्हा अंदाजाने. धप्प. बासरी, "अहाहा", धप्प. मी हात वळवून फट जागेवर आणायची धडपड करत होते, आणि जाऊबाईंना थांबता येत नव्हतं, कारण मॅडम शेजारी उभ्या होत्या. हात मोकळा झाला तेव्हा मी काठावरून बोट फिरवलं. बोटाचं टोक आरपार गेलं.

चीर.

मी पडद्याला तोंड लावून हळूच म्हटलं, "जाऊबाई, चीर पडली." मॅडम मोठ्याने खोकल्या. बासरी वाढली.

तेवढ्यात एक वयस्कर आवाज आला, अगदी मागाजवळून. "अहो, हे इथे फाटलंय का?"

मी मनात म्हटलं, देव तुमचं भलं करो, बाई. आता संपेल हे. आता मॅडम बघतील, माग थांबवतील, पडदा काढतील.

मॅडम वाकल्या असाव्यात. आणि मग त्या म्हणाल्या, अगदी मध ओतल्यासारखं, "नाही, नाही. हीच तर गंमत आहे. यंत्राचं कापड बिनचूक असतं. हाताचं कापड श्वास घेतं. ही छोटीशी उणीव म्हणजे विणणारीची सही आहे."

"सही," कुणीतरी म्हणालं.

"किती सुंदर," आणखी कुणी म्हणालं. आणि एक कोवळा, उत्साही आवाज आला. "मला हीच हवी. पण ही फट तशीच ठेवा हं. दुरुस्त करू नका."

काय सांगू तुम्हाला माझं काय झालं. डोळ्यांत पाणी आलं, तेही रागाचं, जे पुसलं तरी पुन्हा येतं. आमच्या घरात एकदा वीतभर कापडात चीर राहिली होती, माझ्या नव्या नवलाईच्या दिवसांत. सासूबाईंनी मला काही म्हटलं नाही. शेजारी बसून सगळं उसवायला लावलं, आणि पुन्हा विणून होईपर्यंत उठल्या नाहीत. तो हात तयार करायला अख्खं तारुण्य गेलं. आणि इथे पडद्यामुळे, गिरणीच्या चिंधीमुळे झालेली चूक, ती माझी सही! माझा चेहरा नको, माझा आवाज नको, माझं उभं राहणं नको. पण माझ्या हातून यांनी करवलेली चूक तेवढी हवी, आणि तीही जाऊबाईंच्या नावावर.

मी माझा धोटा आत ओढून घेतला. छातीशी धरला आणि उभी राहिले.

पलीकडे जाऊबाईंचा धोटा धावत आला. मला ऐकू आला. काठापाशी येऊन थांबला. फटीतून कुणाचा हात आला नाही.

आता मी फक्त ऐकत होते. त्यांना पुढे जाता आलं असतं. माझा काठ सोडून त्या नुसतं अंग विणत बसल्या असत्या तर उजवीकडचे उभे धागे मोकळे लोंबत राहिले असते, आणि मॅडमनी त्यालाही काहीतरी गोड नाव दिलं असतं. त्यांना नुसती फणी ओढायची होती. तो एक धप्प ऐकू आला असता तर मी मागच्या दाराने घरी गेले असते आणि पुन्हा त्या मागापाशी उभी राहिले नसते. हे मी रागाने म्हणत नाही, माझं ठरलंच होतं.

धप्प आला नाही.

"बघा," मॅडम हळू आवाजात पाहुण्यांना म्हणाल्या, "आता त्या थांबल्यात. विणकर असे मधेच थांबतात. कापडाचं ऐकतात."

मग बाक करकरला. पावलं आली, अनवाणी. पडद्याच्या कड्या दांडीवरून खळ्ळकन धावल्या, दांडी कलंडली आणि सगळा काळा पसारा गुळगुळीत जमिनीवर कोसळला. माझ्या डोळ्यांवर एकदम दिवे आले. समोर छान छान कपड्यांतली माणसं, आणि मी. घामाने केस चिकटलेले, पदर खोचलेला, छातीशी धोटा धरलेला. कुणीतरी "अय्या" म्हणालं.

जाऊबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी काठावर बोट टेकवलं. तेवढ्या दिव्यांत तेवढ्या माणसांसमोर त्या फक्त मला म्हणाल्या, "चीर पडलीय. उसव."

"ताई, ताई," मॅडम पुढे झाल्या. चेहरा हसराच होता, फक्त आता तो हसू धरून ठेवत होता. "राहू द्या ना. त्यांना तशीच हवीय."

जाऊबाई वळल्या. एवढं लांब बोलताना मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं आणि त्यानंतरही ऐकलेलं नाही. "ही सही नाही. ही चूक आहे. मला तोंड बंद ठेवायला लावलंत आणि हिला पडद्यात घातलंत, म्हणून झाली. हा काठ ही विणते. मी नाही विणत. मला येतही नाही."

बासरी चालू होती, ती फार मूर्ख वाटत होती.

"पण मला ती तशीच आवडली होती," कोवळ्या आवाजाची मुलगी म्हणाली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं.

"तुम्हाला आवडली असेल," जाऊबाई म्हणाल्या. "आम्हाला नाही आवडली."

त्या जाऊन बसल्या. मी माझ्या जागेवर गेले. पायाखाली पडदा आला, तो मी पायानेच बाजूला सारला. आणि आम्ही उसवायला लागलो. फेरीमागून फेरी उलटी. फणी मागे, धागा सोडव, कांडीवर घे. विणताना बघायला लोकांना आवडतं. उसवताना बघायला कुणाला आवडत नाही. थोडी माणसं पुतळ्यांकडे गेली, थोडी खाण्याच्या टेबलाकडे. 'फाटलंय का' विचारणाऱ्या आजीबाईंनी मात्र एक खुर्ची ओढली आणि मागाजवळ, माझ्या बाजूला, बसल्या. चष्मा पुसून बघत राहिल्या.

मॅडम माझ्याजवळ आल्या आणि ओठ न हलवता म्हणाल्या, "आपण नंतर बोलू." नंतर म्हणजे काय ते मला कळलं. जाऊबाईंनाही कळलं. 'माग बंद पडण्यापेक्षा पडदा बरा' हे त्याच म्हणाल्या होत्या, मी नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या धागा सोडवत होत्या, घाई न करता, एकही न तोडता.

मला नेहमी काहीतरी बोलायचं असतं. तेव्हा मी नुसते धागे मोजत उसवत राहिले.

चीर संपली. शेवटची चांगली कडी बोटाला लागली, घट्ट. जाऊबाईंनी पाय बदलला, उभे धागे उघडले, आणि त्यांचा धोटा डाळिंबी धागा ओढत हॉलभर ऐकू जाईल अशा खडखडाटाने माझ्याकडे आला. काठापाशी थांबला. मला आता सगळं दिसत होतं. धागा आलेला दिसत होता, कडी कुठे घालायची ते दिसत होतं. तरी मी हात हलवला नाही. मला कळायला हवं होतं.

जाऊबाईंनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं.

"दे," त्या म्हणाल्या. घरी म्हणतात तशा नाही. मोठ्याने, पार दारातल्या माणसांनी वळून बघावं एवढ्या मोठ्याने.

मी दिला.